रेघांचा साठा

अठराव्या शतकात हिमालयाच्या पायथ्याशी गुलेर या छोट्या संस्थानात पंडित सेऊ नावाचा चित्रकार राहत होता. मानकू आणि नैनसुख हे त्याचे मुलगे. पहाडी चित्रकलेत या दोघांचं नाव आज फार आदरानं घेतलं जातं. चित्रकार एका राजाकडून दुसऱ्याकडे गेला, तरी घराण्याची शैली त्याच्याबरोबर जाई, हे कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं. अशा घराण्यांचा मोठा आधार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला रेखाटनांचा गठ्ठा.

त्यात चरबे असत. हरणाचं कातडं पारदर्शक होईपर्यंत पातळ करायचं, चित्रावर पसरायचं आणि बाह्यरेषा कुंचल्यानं उतरवून घ्यायची. मग त्या रेषेवर सुईनं बारीक भोकं पाडायची. नवं चित्र हवं असलं की चरबा कोऱ्या कागदावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. चरबा उचलला की खाली ठिपक्यांची रांग! ठिपके जोडले की आकृती तयार. तोच चरबा पालथा घातला की उजवीकडे पाहणारी राधा डावीकडे पाहू लागे.

रंग दर वेळी नवा, रेघ मात्र साठ्यातली.

जपानमध्ये होकुसाई या चित्रकारानं असा साठा छापूनच काढला. नागोयाला शिष्याच्या घरी मुक्कामाला असताना त्यानं शेकडो रेखाटनं केली आणि १८१४ मध्ये ‘होकुसाई मांगा’चा पहिला भाग निघाला. पुढे १५ भाग झाले. शेवटचा १८७८ मध्ये, म्हणजे होकुसाईच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. शिकणाऱ्यांनी गिरवावीत म्हणून काढलेली ही माणसं, मासे, पाखरं पार युरोपात पोहोचली. १८६६ मध्ये फेलिक्स ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकारानं होकुसाई, हिरोशिगे या जपानी चित्रकारांच्या चित्रांतले मासे, कोंबडे, फुलं धातूच्या पत्र्यावर कोरली. त्यांचे छाप कापून ताटल्यांवर हवे तसे मांडले आणि भट्टीत भाजले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ताटल्यांचा तो संच गाजला.

दिवाळी अंकांसाठी किंवा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्यांना आजही रेघांचा साठा ठेवण्याची ही पद्धत उपयोगी पडते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं काढलेली एकच आकृती, मागे देखावा नाही. ६०० डीपीआयला स्कॅन केलेली रेघ एका लेअरवर, रंग दुसऱ्यावर. फाइलचं नाव ‘चित्र ४७’ ठेवलं, तर वर्षभरानं त्यात काय आहे ते कळत नाही. ‘बैल, बसलेला, डावीकडे’ असं ठेवलं की लगेच सापडतं.

पुन्हा वापरायचं, तर चित्रावर हक्कही उरायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांची धरतात. चित्र कुठे, किती काळ आणि कशासाठी दिलं, हे करारात स्पष्ट लिहून त्याची प्रत त्या फाइलशेजारीच ठेवणारा चित्रकार तोच बैल पुढच्या पोळ्याला दुसऱ्या अंकासाठी निर्धास्तपणे काढून देऊ शकतो.