गाठ अख्खी काढा

पणदऱ्यात जमलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो आणि लॅबमधल्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्ष म्हणून मला आज मानेतल्या गाठीबद्दलच बोलायचं आहे. मानेत गाठ म्हटली की आपल्याला आधी टीबी आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. घोळ होतो तो पुढे. सुईने काढलेल्या पेशींवरून नक्की काही कळलेलं नसतं, तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. ताप हटेना म्हणून स्टेरॉइड दिलं जातं. गाठ खरं तर लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगाची असेल, तर त्याने ती काही दिवस ओसरते, घरच्यांना हायसं वाटतं. आणि नंतर काढलेल्या तुकड्यात कधीकधी मेलेल्या पेशींखेरीज काही हाती लागत नाही.

लिम्फोमा या नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार येतात. डॉ. वसंत खानोलकरांनी ज्या पॅथॉलॉजी विभागाचा पाया घातला, त्या परळच्या टाटा मेमोरियलमधून 2000 साली 2,773 नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 79 टक्के बी-पेशींचे होते, 16 टक्के टी-पेशींचे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, उपचारही वेगळे. रितुक्सिमॅब द्यायचं तर पेशींवर सीडी20 हा मार्कर आहे हे आधी दिसायला हवं.

मग लिम्फोमाचा प्रकार ओळखायचा कसा? आधी कमी भिंगाखाली गाठीची घडण पाहायची. फॉलिकल आहेत का, ते एकमेकांना चिकटून दाटीने बसलेत का, पेशी गाठीच्या आवरणाबाहेर पसरल्यात का. सुईच्या नमुन्यात नेमकं हेच हरवतं, म्हणून मी अख्ख्या गाठीचा हट्ट धरते. मग भिंग वाढवायचं. हॉजकिनमध्ये लहान लिम्फोसाइट, इओसिनोफिल यांच्या गर्दीत एखादीच मोठी पेशी सापडते: दोन केंद्रकं, प्रत्येकात ठसठशीत लालसर केंद्रिका, घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखून पाहणारी. मार्करचे रंग लावले की तिच्या कडेवर आणि केंद्रकालगतच्या ठिपक्यात सीडी30चा तपकिरी रंग उतरतो, बहुतेकदा सीडी15चाही. पॅक्स5 मात्र फिकट येतो. पण सीडी30 अॅनाप्लास्टिक लिम्फोमातही येतो, विषाणूच्या संसर्गाने चेतलेल्या पेशींतही येतो. मँटल सेल आणि लहान लिम्फोसाइटचा लिम्फोमा, दोन्हींत सीडी5 असतो. तिथे सायक्लिन डी1 आणि सीडी23 लावून निवाडा करावा लागतो. बीसीएल2ने फॉलिक्युलर लिम्फोमा ओळखायचा तोही फॉलिकलच्या आतल्या बी-पेशी पाहूनच, कारण निरोगी गाठीत आजूबाजूच्या पेशींवर तो असतोच. घडण न पाहता नुसती मार्करची यादी वाचणाऱ्या रिपोर्टवर मी सही करणार नाही.

हे सगळे मार्कर तालुक्याच्या लॅबमध्ये हवेतच असं नाही. पॅराफिनचा ब्लॉक बारामतीहून पुण्याला, परळला जाऊ शकतो. ऊसतोडणीवरच्या माणसाने मजुरी बुडवून नुसत्या तपासणीसाठी तिकडे जायची गरज नाही. पण ब्लॉक चांगला व्हायचा तर काम इथेच नीट व्हायला हवं. सर्वांत संशयास्पद गाठ आवरणासकट काढा, चिमट्याने चेंगरू नका. लॅब जवळ असेल तर ताजीच पाठवा. नसेल तर कापून, दहा टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, गाठीच्या निदान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बरणीत घाला. सोबतच्या कागदावर वय, गाठी कुठे कुठे आहेत, ताप, वजनातली घट, एचआयव्ही, आणि टीबीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड सुरू केलं असेल तर कुठल्या तारखेपासून, तेही लिहा.