तोंड आलंय, फोटो काढू का?

फोटो पाहून तोंडातली जखम ओळखणाऱ्या संगणकाबद्दल बोला, असं आकाशवाणीनं मला सांगितलंय. बोलतो. पण दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे आधी तुमचं तोंड बघणार!

‘तोंड आलंय’ म्हणजे काय, हे श्रोत्यांना सांगायला नको. ओठाच्या आत किंवा गालात छोटासा गोल व्रण, मधे पिवळट-पांढरा, कडेनं लाल. आमटीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. आपण म्हणतो, उष्णता झाली. गुलकंद खातो, तूप लावतो. हा व्रण बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप भरतो आणि श्रेय मिळतं गुलकंदाला.

आता संगणक. लहान मूल मेथी आणि कोथिंबीर कशी ओळखायला शिकतं? व्याख्या पाठ करून नव्हे. ‘ही नव्हे रे, ती,’ असं शंभरदा ऐकून. संगणकाचं ‘डीप लर्निंग’ तेच करतं. डॉक्टरांनी नावं लिहिलेले हजारो फोटो त्याला दाखवायचे, चुकलं की दुरुस्त करायचं. पण ते भलतंच काही शिकूही शकतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्वचेच्या फोटोंत हेच दिसलं. संशयास्पद डागाशेजारी डॉक्टर मापाला पट्टी ठेवत, म्हणून पट्टी दिसली की संगणकाचा कल कर्करोगाकडे झुके! आपल्याकडे पट्टी नसेल, पण मिश्रीचा थर आहे, पानाचा रंग आहे. म्हणून फोटोआधी चूळ भरा, कवळी काढा. आणि मिश्री? ताई, दात घासायला ब्रश मिळतो हो. मिश्री म्हणजे तंबाखूच, भाजलेली तंबाखू. किती वेळा सांगू?

तर, फोटो. फोटोला हात नसतो. व्रणाची कड मऊ आहे की टणक, हे बोटालाच कळतं. आणि व्रण दुखत नाही, म्हणून लोक निवांत राहतात. अहो, दुखतो तो बहुतेक वेळा साधा असतो! कर्करोगाचा व्रण सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. पुन्हा सांगतो, दुखतच नाही.

जिथं दातांचा डॉक्टर लांब आहे, तिथं गावातल्या आशा कार्यकर्तीच्या फोनमधलं असं यंत्र कुणाला आधी तपासायचं ते सुचवू शकेल. कर्करोगाचं निदान मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

सुपारीनं तोंड उघडेनासं होतं, त्यावरही बोलायचं होतं. पण काचेपलीकडून हात दाखवताहेत. एवढंच करा. व्रण दिसला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. दोन आठवड्यांनी तो तसाच असेल, तर डॉक्टरांकडे जा.