सागरतळावरील दहा मिनिटें

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वायव्येस सुमारें ५० मैलांवर, भर समुद्रांत, एक डोंगर बुडालेला आहे. त्याचें नांव कॉर्डेल बँक. त्याची लांबी साडेनऊ मैल व रुंदी साडेचार मैल असून भोंवतालचा तळ ३०० ते ४०० फूट खोल आहे. परंतु त्याचें सर्वांत उंच शिखरहि पाण्याखालीं सुमारें २० वांव, म्हणजे १२० फूट असल्यामुळें वरून जाणाऱ्या नावाड्यास त्याचा मागमूस लागत नाहीं.

सह्याद्रीचा काळा कातळ हा भूपृष्ठावर पसरून थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. हा डोंगर मात्र ग्रॅनाइटचा, म्हणजे भूमीच्या पोटांतच सावकाश निवालेल्या रसाचा आहे. त्याचा जन्म ९ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, बराच दक्षिणेस, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या टोकाशीं झाला. पुढें पॅसिफिक भूपट्टाच्या पाठीवर बसून तो वायव्येकडे सरकत आला, आणि त्याचा हा प्रवास अद्यापि संपलेला नाहीं.

१८५३ सालीं जॉर्ज डेव्हिडसन या सर्वेक्षकास किनाऱ्याची मोजणी करीत असतां या उंचवट्याचा प्रथम सुगावा लागला. १८६९ सालीं एडवर्ड कॉर्डेल याच्याकडे त्याचा नीट शोध घेण्याचें काम आलें. समुद्रपक्ष्यांचे थवे व जलचर जेथें गर्दी करीत होते तिकडे त्यानें जहाज वळविलें, आणि तेथेंच त्याला उथळ पाणी सांपडलें. दोरीला शिसें बांधून त्यानें खोली मोजली. तथापि त्या खडकावर काय नांदतें आहे, हें पुढें शंभराहून अधिक वर्षें कोणास ठाऊक नव्हतें.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्याँ यांनीं पाठीवर हवेचें नळकांडें बांधून मोकळेपणीं बुडी मारण्याचें साधन सिद्ध केलें. त्याच्या आधारावर १९७७ सालीं रॉबर्ट श्मीडर या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें हौशी पाणबुड्यांचें एक मंडळ उभें केलें, व १९७८ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं या डोंगरावर पहिली बुडी मारली. वसंतांत व उन्हाळ्याच्या आरंभीं तेथें वाऱ्याचा जोर फार असतो. समुद्र थोडा निवतो तो शरदांतच.

अशा बुडींत पाणबुड्याला तळाशीं मिळतात तीं जेमतेम दहा-पंधरा मिनिटें. त्याचें कारण पाण्याचा दाब. १२० फुटांवर तो पृष्ठभागाच्या साडेचारपटींहून अधिक होतो, आणि प्रत्येक श्वासाला तितक्याच पटीनें हवा खर्ची पडते. वर तासभर पुरणारें नळकांडें तेथें तेरा मिनिटांत रितें होतें. शिवाय दाबाखालीं हवेंतील नत्रवायु रक्तांत मुरतो. माणूस घाईनें वर आला तर सोड्याची बाटली उघडतांच जसे बुडबुडे येतात तसे ते शरीरांत उठतात, आणि पक्षाघात किंवा मृत्यूहि ओढवतो. हाच वायु खोलवर बुद्धीवर भांगेसारखी धुंदी आणतो. तेव्हां मोहक दृश्य समोर असतां घड्याळाकडे पाहून परत फिरणें, हेंच या विद्येंतील खरें धैर्य होय.

श्रोत्यांनीं क्षणभर त्या पाणबुड्याची कल्पना करावी. चहूंकडे किनारा दिसत नाहीं. थंडगार, हिरवट पाण्यांत दोर धरून तो खालीं उतरतो. पाण्याची ओढ त्याला दूर नेऊं पाहते. पायांखालीं अंधुक कडा दिसूं लागतो, पण सारा राखी रंगाचा. कारण तांबडा प्रकाश इतक्या खोल पोंचतच नाहीं. तो हातांतील दिवा लावतो, आणि तोच कडा गुलाबी, केशरी, लाल रंगांनीं उजळून निघतो. स्पंज, पोंवळ्यासारखे जीव, फुलांसारखे उमललेले सागरप्राणी हे परस्परांना इतके खेटून बसलेले असतात कीं खडकाचा उघडा भाग क्वचितच दिसावा. तळांतून वर उसळणारें थंड, सकस पाणी त्यांचें अन्न आपण होऊन दारांत आणतें. त्याच पाण्याच्या बळावर देवमासे तेथें येतात, आणि हवाई बेटांवर पिलें वाढविणारे अल्बाट्रॉस पक्षी चाऱ्यासाठीं महासागर ओलांडतात.

श्मीडर यांच्या मंडळानें १९८६ पर्यंत छायाचित्रें व नमुने गोळा केले. एकेका बुडीची कमाई ती केवढी! पण अशा अनेक बुड्यांच्या मिनिटांची बेरीज होतां होतां नकाशावरील एका आंकड्याच्या जागीं जिवंत वस्ती उभी राहिली. हे जीव फार मंद वाढतात. नांगराच्या एका फटक्यानें मोडलेलें भरून यावयास पुष्कळ वर्षें लागतात. १९८९ सालीं या डोंगरास राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तेथें तेल व वायु यांसाठीं खोदकाम करण्यास कायमची बंदी झाली. २०१५ सालीं अभयारण्याचें क्षेत्र दुपटीहून अधिक वाढविण्यांत आलें.

जें कोणी पाहिलेलें नाहीं त्याची कींव कोणास येणार? त्या पाणबुड्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें, आणि वेळेवर वर परतले, म्हणूनच इतरांस तें सांगूं शकले.