सेकंद मोजणारी माणसं

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



लंबकाचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. वीस आंदोलनं मोजायची आणि वेळेला वीसने भागायचं. अणुघड्याळही आंदोलनंच मोजतं. पण लंबकाची दोरी लांबली की तो मंदावतो; सिझियमचा अणू मात्र दिल्लीत काय आणि लंडनमध्ये काय, एका ठरावीक वारंवारितेच्या लहरींनाच दाद देतो. म्हणून १९६७ साली सेकंद पृथ्वीच्या फिरण्यावरून काढून या अणूवर सोपवला गेला. त्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद!

तुम्ही म्हणाल, एवढी अचूकता कशाला? आपले कार्यक्रम तर अर्धा तास उशिराच सुरू होतात! पण मोबाइलवर रस्ता शोधताना उपग्रहाकडून संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढलं जातं. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तर अंतर ३०० मीटरने चुकतं.

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. ‘नाविक’ मालिकेतला पहिला उपग्रह २०१३ साली गेला. त्यातली तिन्ही रुबिडियम घड्याळं परदेशातून आणलेली होती आणि २०१६ मध्ये ती बंद पडली. उपग्रह शाबूत, पण स्थान सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. पुढचा एप्रिल २०१८ मध्ये पोहोचला.

दरम्यान अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ तयार होत होतं. २९ मे २०२३ रोजी ते एनव्हीएस-०१ उपग्रहातून अवकाशात गेलं. त्या बातमीत रॉकेटचे फोटो होते. घड्याळ कुणाला दिसलं नाही.

भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा असो, की यटर्बियमच्या एका आयनावर घड्याळ उभारू पाहणारी पुण्याची आयुका, तिथलं काम असंच नजरेआड चालतं. त्याला टाळ्या कमी आणि चिकाटी फार लागते.

म्हणून आज इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. निरीक्षणाच्या वहीत उत्तर पुस्तकाशी जुळवून न लिहिता, आलेला आकडा तसाच लिहिणारा विद्यार्थी दिसला, तर त्याचे गुण कापू नका. या प्रयोगशाळांना तोच हवा आहे.