सांधा बदलल्यावर मुक्काम कुठे?

१८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेला जायची वाट आपल्याकडे रुळली. आज सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही गुडघ्याचा सांधा बदलता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खर्चाची चौकशी सगळेच करतात. पण रुग्णालयातून थोड्याच दिवसांत घरी सोडतात, तेव्हा आईला न्यायचं कुठे, हे मात्र बहुतेक घरांत अजून ठरलेलं नसतं.

हे शस्त्रक्रियेआधीच ठरवा. पाटण-जावळीच्या डोंगरातलं घर असेल, तर गाडी दारापर्यंत येते का? उंच उंबरा, माडीवरची खोली, अंगणापलीकडचा संडास, ओली मोरी, हे सगळं वॉकर घेऊन जमेल का? खालच्या मजल्यावर पलंग, कमोडची खुर्ची, भिंतीला पक्की दांडी एवढी सोय आधी करून ठेवा. रात्री उठायला हात देणारं माणूसही हवंच. सुनेची नोकरी, ऊसतोड, सुगी, सगळं धरून तारीख घ्या.

मुलाचा पुण्यातला फ्लॅट सोयीचा वाटतो. पण लिफ्ट नसेल, दिवसभर घरात कुणी नसेल, तर गावचं घरच बरं, असं मला वाटतं. मात्र फिजिओथेरपिस्ट जवळ हवा, कारण गुडघा वाकवण्याचे पहिले सहा आठवडे फार मोलाचे. पोटरी सुजली, जखमेतून पाणी आलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला, तर थेट १०८ ला फोन करा.