‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ म्हणजे नक्की काय हरवलंय?

आजचा भाग एसएपीवर काम करणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना नुसतं ‘सिस्टीम बंद आहे’ एवढंच ऐकायला मिळतं त्यांच्यासाठीही.

मी पेणचा. रोह्याला धाटाव एमआयडीसीत केमिकलच्या बऱ्याच कंपन्या आहेत, त्यातल्या एकीचा सपोर्ट आमच्या टीमकडे होता. नाव राहू दे. एका संध्याकाळी डिस्पॅचवरून फोन. “अहो, टँकर भरून गेटवर उभा आहे, इन्व्हॉइस निघत नाही!” माल जाणार गुजरातला. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल म्हटला की १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं, आणि इन्व्हॉइसशिवाय ते काढणार कसं? मी म्हटलं, “दादा, वाचून दाखवू नका. स्क्रीनचा फोटो टाका, पहिल्या पानाचा.”

फोटोत डम्पचं नाव होतं ‘कॉल फंक्शन नॉट फाउंड’, आणि खाली झेडने सुरू होणारं फंक्शनचं नाव. झेड किंवा वाय म्हणजे कंपनीने स्वतः बनवून घेतलेलं.

आता गंमत बघा. तोच प्रिंट प्रोग्रॅम टेस्ट सिस्टीमवर मस्त चालत होता. प्रॉडक्शनवर इम्पोर्ट करतानाही काही तक्रार आली नव्हती, रिटर्न कोड शून्य. कारण फंक्शन मॉड्यूल दुसरीकडे आहे की नाही, हे प्रोग्रॅम तपासताना बघितलं जात नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाच कळतं. एखादं टेबल किंवा स्ट्रक्चर नसतं तर इम्पोर्टलाच ८ आला असता.

अशा वेळी लोक काय करतात? लॉगआउट, लॉगइन, सर्व्हर रीस्टार्ट. माझ्या मते शुद्ध वेळेचा अपव्यय. जे तिथे नाहीच, ते रीस्टार्टने कुठून येणार?

मी प्रॉडक्शनवर एसई३७ मध्ये नाव टाकलं. नाही. डेव्हलपमेंटवर टाकलं. आहे. मग ई०७१ टेबलात शोधलं, कुठल्या ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये ते होतं. ती रिक्वेस्ट टेस्टपर्यंत गेलेली आणि प्रॉडक्शनच्या रांगेत तशीच पडलेली. फोनवर सगळे म्हणाले, “ओढून घ्या ना मग!”

इथेच थांबलो. त्या रिक्वेस्टमध्ये दर काढायचा एक अर्धवट बदलही होता. ती ओढली असती तर इन्व्हॉइस निघालं असतं, पण चुकीच्या रकमेचं. गेटवरचा ड्रायव्हर ताटकळतोय हे खरं, पण चुकीचं बिल गेलं की क्रेडिट नोट, जीएसटीची दुरुस्ती, सगळंच मागे लागतं. म्हणून फक्त फंक्शन ग्रुप नव्या रिक्वेस्टमध्ये घेतला, व्हर्जन टेस्टवालंच आहे ना ते ताडून पाहिलं, मग आधी टेस्ट, नंतर प्रॉडक्शन. टँकर रात्री उशिरा सुटला.

एक सांगायचं राहिलं. दर वेळी वस्तू हरवलेलीच असते असं नाही. ओरॅकलमध्ये ९४२ नंबरचा एरर म्हणतो, टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. पण टेबल असतं, तुमच्या युजरला बघायची परवानगी नसते, तरी तो हेच म्हणतो. पोस्टग्रेस त्यापेक्षा सरळ, परवानगी नाकारली असं स्पष्ट सांगतं. त्यामुळे ९४२ दिसला की आधी दुसऱ्या, जास्त अधिकाराच्या युजरने तीच क्वेरी चालवून बघा. चालली, तर टेबल नव्याने बनवायच्या भानगडीत पडू नका, डीबीएला ग्रँट मागा. आणि तिकिटात ‘ऑब्जेक्ट मिसिंग’ एवढंच लिहू नका हो. पूर्ण नाव, कुठली सिस्टीम, कुठला युजर, एवढं तरी टाका.