लेकराचा प्रश्न



मुंबई बंदरातून कराराने मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्यांची आपण पतवंडं. इथे अमेरिकेत आपल्या शेजारचे यहुदी लोक वल्हांडणाच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान लेकराला प्रश्न विचारायला लावतात. उत्तर म्हणून मोठी माणसं मिसर देशातली गुलामी आणि सुटका सांगतात. निघतानाच्या घाईची आठवण म्हणून बेखमीर भाकरी खातात.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी ही कथा मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या ‘हागादा’ पोथीत लुगडं नेसलेल्या बायका त्या भाकरी करताना दिसतात.

जीव वाचला की माणूस तगतो. सोसलेलं मुलांना सांगितलं की कूळ तगतं. आपल्या कित्येक घरांत मळ्यावरचे हाल लाजेपोटी कुणी बोललंच नाही. आज जेवताना मुलांना विचारू द्या. ठाऊक असेल तेवढं मराठीत सांगा.